व्यायामाला सुरुवात : बिचकणाऱ्यांचे आणि खिशाकडे बघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

शाळेतल्या पी.टी.च्या तासानंतर ज्यांनी व्यायाम केलाच नाही, अशा लोकांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. भाषा थोडी आवरून घेतली आहे, काळजी त्यांचीच आहे. सगळं एका दमात वाचलं नाही तरी चालेल. मात्र एखादा आजार असेल किंवा रोजची औषधं चालू असतील, तर आधी प्रश्न २ वाचा.

१. मी आयुष्यात कधीच व्यायाम केलेला नाही. पहिल्या दिवशी नेमकं करू काय?

दहा मिनिटं चाला. पाच मिनिटं घरापासून लांब, पाच मिनिटं परत. सोबत कुणी असेल तर बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग ठेवा. बस्स. कितीही उत्साह असला तरी पहिला आठवडाभर त्याहून जास्त नको.

हे फारच किरकोळ वाटतंय, असं बरेच जण लगेच कळवतात. पण सुरुवात फसते ती बहुतेक वेळा जास्त केल्यामुळे. पहिल्या दिवशी तासभर घाम गाळायचा, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कण्हायचं आणि तिसऱ्या दिवशी 'आपल्याला जमत नाही' म्हणून सोडून द्यायचं, हा ठरलेला क्रम. शिवाय हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात, पण स्नायूंना हाडांशी जोडणारे पट्टे सावकाश बळकट होतात. दम टिकतोय म्हणून अंतर वाढवत नेलं की नडगी किंवा टाच कुरकुरायला लागते.

दुसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. अर्ध्या तासापर्यंत पोचायला दोन महिने लागतील. लागू देत.

२. आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं का?

प्रश्न १ मधल्या चालण्यासाठी बहुतेकांना गरज नाही. पण हालचाल करताना छातीत दुखणं किंवा दडपण येणं, चक्कर येऊन पडणं, बसल्याजागी धाप लागणं, छातीत अनियमित धडधड होणं, पाय सुजणं यांपैकी काहीही होत असेल तर आधी तपासून घ्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तरीही. 'पार-क्यू' नावाची सात प्रश्नांची एक प्रश्नावली १९७०च्या दशकात कॅनडात तयार झाली. तिच्या सुधारित आवृत्त्या आजही जगभर वापरतात आणि फुकट मिळतात. त्यातल्या एकाही प्रश्नाला 'हो' उत्तर आलं, तर डॉक्टरांशी बोलायचं.

व्यायाम चालू असताना छातीवर दाब आला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, थंड घाम फुटला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबा आणि रुग्णवाहिका बोलवा. 'बघू, थांबेल थोड्या वेळात' असं करू नका.

३. लोक बघतील, हसतील याचीच जास्त भीती वाटते. काय करू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि पैशांच्या प्रश्नाआड बऱ्याचदा हाच लपलेला असतो.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, तो २००० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून त्यांना इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. खोलीतल्या निम्म्या लोकांच्या तरी चित्र लक्षात आलं असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते पाव लोकांच्याच लक्षात आलं होतं. आपल्याकडे लोकांचं जितकं लक्ष आहे असं आपल्याला वाटतं, त्याहून ते बरंच कमी असतं.

तरीही 'कुणी बघत नाही' असं सरसकट म्हणणं खोटं ठरेल. अंगाने जाड असलेल्यांना आणि एकट्या चालणाऱ्या बायकांना शेरे ऐकावे लागतात, हे खरं आहे, आणि त्यात दोष शेरे मारणाऱ्यांचा आहे. म्हणून सोय बघा. पहिले काही आठवडे घरातच करायला काय हरकत आहे (प्रश्न ५)? बाहेर जायचं तर रस्ता आणि वेळ ठरवून टाका. दोन आठवडे तिथेच दिसलात की तुम्ही तिथले नेहमीचे होता आणि नेहमीच्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही. कुणाला सोबत घ्या. फोनवर बोलत चाला. कानात काही लावायचंच तर एकाच कानात.

आणि घरचे? 'किती दिवस चालतंय बघू' हा टोमणा परक्याच्या नजरेपेक्षा जास्त लागतो. त्यावर उपाय म्हणजे बेत जाहीर न करणं. 'जरा चालून येते' एवढंच म्हणा आणि निघा.

४. बजेट अगदी कमी आहे. कमीत कमी काय विकत घ्यावं लागेल?

पहिल्या महिन्यात काहीच नाही. घरातले सैल कपडे आणि पायात घट्ट बसणारे, न चावणारे बूट असले की झालं. असलेले बूट चालतील का, हे बघायला ते सपाट टेबलावर ठेवा आणि मागून बघा. टाच एका बाजूला कलली असेल, तळव्याची नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल किंवा बूट कापडासारखा पिळला जात असेल, तर बदला.

महिनाभर टिकलात तर पहिला खर्च बुटांवर. शक्यतो दिवस मावळताना घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. दुकानात चालून बघा. 'वापरून सैल होतील' यावर विश्वास ठेवू नका. बायकांसाठी त्याच्या बरोबरीने नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा. ही चैन नाही, तिच्यावाचून कित्येकींचं जलद चालणंही दुखरं होतं. त्यानंतर वाटलंच तर रबरी व्यायामपट्टा, कारण ओढण्याचे व्यायाम घरात एरवी जमवावे लागतात.

मनगटावरचं घड्याळ, प्रोटीनचे डबे, पोटाला बांधायचा पट्टा, घाम आणणारे प्लास्टिकचे कपडे यांतलं काही नको. शेवटच्या दोन गोष्टींनी चरबी जात नाही. घामाचं पाणी जातं आणि पाणी प्यायलात की वजन परत येतं. ते कपडे उष्णतेत धोक्याचेही आहेत.

५. घर लहान आहे, डंबेल वगैरे काही नाही. ताकदीचे व्यायाम कसे करू?

एक भक्कम खुर्ची, एक भिंत आणि पाठीवरची एक पिशवी पुरते.

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. पुढच्या कडेवर बसा. पावलं खांद्याइतकी रुंद आणि गुडघ्यांच्या किंचित मागे. आता नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत पुढे झुका आणि टाचांवर जोर देत उठा. खरी कमाई उतरताना आहे, म्हणून मनात तीन मोजत खाली या, धपकन बसू नका. उठताना गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर ते बोटांच्या दिशेने ठेवा. उठणंच जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून बैठक उंच करा किंवा हातांचा आधार घ्या. सोपं झालं की हात छातीशी घ्या, मग पिशवी कवटाळून करा. बैठका इथूनच सुरू होतात.

जोर भिंतीवर सुरू करा. हात खांद्याच्या उंचीवर, पावलं हातभर मागे, टाळूपासून टाचेपर्यंत शरीर एका रेषेत. मग ओट्यावर हात टेकवून, मग पलंगाच्या कडेवर, सगळ्यात शेवटी जमिनीवर. हात जितके खाली, तितका भार जास्त. थेट जमिनीवर जाऊन कंबर खचवत दहा जोर काढण्यापेक्षा भिंतीवरचे नीट दहा परवडले.

पाठीसाठी पिशवीत पुस्तकं भरा, एक हात खुर्चीवर टेकवा आणि दुसऱ्या हाताने पिशवी कंबरेकडे ओढा. वजन मोजायला काटा लागत नाही : एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो. कुल्ले आणि मांड्यांच्या मागच्या बाजूसाठी पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, कंबर उचला, दोन सेकंद धरा.

प्रत्येक व्यायाम ८ ते १२ वेळा, मधे मिनिटभर थांबून दोन फेऱ्या. अजून दोन-तीन जमले असते असं वाटतंय तोवरच थांबा. आठवड्यातून दोनदा, मधे एखादा दिवस सोडून. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढल्यासारखी वाटते, ती बरीचशी मेंदू स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतो म्हणून. आरशात फरक दिसायला वेळ लागतो.

६. आठवड्याला एकूण किती व्यायाम पुरतो?

जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस प्रौढांसाठी अशी आहे : आठवड्याला मध्यम श्रमाचा व्यायाम १५० ते ३०० मिनिटं, किंवा जोरकस ७५ ते १५०, आणि त्याखेरीज दोन दिवस ताकदीचे व्यायाम. पूर्वी 'सलग दहा मिनिटं तरी हवीत' अशी अट होती, ती या वेळी काढून टाकली. म्हणजे दोन मिनिटं जिना चढलात तेही धरायचं.

हा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. सगळ्यात मोठा फायदा शून्यावरून थोड्यावर येण्यात आहे. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधक जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसमधले चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण बसून असणाऱ्या चालकांपेक्षा कमी आढळलं. त्या वाहकांनी व्यायाम म्हणून काही केलं नव्हतं, ते फक्त नोकरी करत होते.

७. रोज १०,००० पावलं झालीच पाहिजेत ना?

नाही. हा आकडा आला जपानमधून. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ साली तिथे पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं. त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलं मोजणारं' असा होता. आकडा गोल, लक्षात राहणारा, म्हणून टिकला. अमेरिकेतल्या वयस्कर स्त्रियांवर झालेल्या २०१९च्या एका अभ्यासात दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्युदर २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बराच कमी होता आणि साधारण ७,५०० नंतर आणखी फरक दिसेना. आज तुमची ३,००० होत असतील तर ४,००० करा.

८. थोडं चाललं तरी धाप लागते. हे बरोबर आहे का?

धाप लागायलाच हवी, पण ठरावीक मापात. दोन-तीन वाक्यं सलग बोलता येतात तोवर श्रम मध्यम. वाक्य मधेच तुटायला लागलं की जोरकस. तुमचा पहिला महिना 'मध्यम' मध्येच जाऊ दे. जिना चढताना सगळ्यांनाच दम लागतो, तंदुरुस्त माणसालाही. फरक एवढाच की त्याचा दम लवकर खाली बसतो. थांबल्यावर श्वास पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो, ते महिन्यातून एकदा बघा. प्रगती तिथे आधी दिसते, वजनकाट्यावर नाही.

२२० मधून वय वजा करून नाडीचा कमाल वेग काढतात, पण तो सरासरी अंदाज आहे, कुणाकुणाच्या बाबतीत दहा-पंधरा ठोक्यांनी चुकतो. बीटा-ब्लॉकर गटातली (रक्तदाब किंवा हृदयासाठीची) औषधं चालू असतील तर नाडी तितकी वाढतच नाही. तेव्हा बोलण्याची कसोटीच धरा.

९. दुसऱ्या दिवशी अंग इतकं दुखतं की हलवत नाही. सोडून द्यावं का?

सवय नसलेल्या कामानंतर १२ ते २४ तासांनी स्नायू ठणकायला लागतात, एक ते तीन दिवस जास्त दुखतात आणि मग कमी होतात. याला श्रमात स्नायूंत तयार होणारं लॅक्टिक ॲसिड कारणीभूत आहे असं अजूनही सांगितलं जातं, पण ते व्यायामानंतर तासाभरात रक्तातून निघून जातं. स्नायू ताणला जात असताना काम करतो, जसं उतारावर चालताना किंवा बैठकीत खाली जाताना, तेव्हा त्यात बारीक इजा होतात, ते खरं कारण. त्या दिवशी हळू चाला, बरं वाटेल. तोच व्यायाम दुसऱ्यांदा केलात की दुखणं पुष्कळ कमी झालेलं असतं.

थांबायचं ते निराळ्या दुखण्यासाठी : एकाच ठिकाणी सुरी खुपसल्यासारखी कळ, सांध्याला सूज, एकाच बाजूचं दुखणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. आणि अतिश्रमानंतर स्नायू कमालीचे सुजले, लघवी काळपट-तपकिरी झाली, तर थेट रुग्णालयात जा. त्यात मूत्रपिंडाला धोका असतो.

१०. मग जिम लावावी की नाही?

प्रश्न १ आणि ५ मधलं सहा-आठ आठवडे टिकलं तर खुशाल लावा. वर्षाचे पैसे एकदम भरले म्हणजे जाणं भाग पडेल, हा हिशेब बहुतेकांचा चुकतो. महिन्याचं शुल्क महागात पडलं तरी आधी तेच भरा. वर्षाची सवलत 'आज संध्याकाळपर्यंतच' आहे असं सांगतील. ती पुढच्या महिन्यातही असते. पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा : प्रवेश शुल्क वेगळं आहे का, मधेच सोडलं तर काय, आपोआप नूतनीकरण होतं का, फुकट एक दिवस येऊन बघता येईल का. तो एक दिवस तुम्ही ज्या वेळेला जाणार आहात त्याच वेळेला जा, म्हणजे गर्दी कळेल.

पहिल्या दिवशी आत गेल्यावर कुठे उभं राहायचं तेच कळत नाही. सरळ चालण्याच्या मशीनवर जा, दहा मिनिटं चाला. पडण्याची भीती वाटत असेल तर लाल दोरीची क्लिप कपड्याला अडकवा, ओढली गेली की पट्टा थांबतो. चालता चालता आजूबाजूला बघून घ्या. मग बसून करायच्या दोन मशीन निवडा, त्यावरचं चित्र वाचा, सगळ्यात हलक्या वजनावर करा, बाकावरचा घाम पुसा आणि घरी या. 'तुमचं झालं का?' एवढं विचारता आलं की तिथले बहुतेक शिष्टाचार आले.

११. व्यायामाने पोट कमी होईल ना?

फक्त पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी जात नाही. ती कुठून आधी जाणार हे शरीर ठरवतं. नुसत्या व्यायामाने वजनही फार उतरत नाही, कारण अर्ध्या तासाच्या चालण्यात जळतं ते दोन घासांत भरून निघतं. रक्तदाब, साखर, झोप, मनःस्थिती आणि गुडघ्यांना मात्र वजन तसूभर न हलताही फायदा होतो. काट्यासाठीच सुरुवात केलेले लोक लवकर सोडतात, म्हणून पहिले तीन महिने काट्यावर उभंच राहू नका असा आमचा आग्रह असतो.

१२. वजन खूप आहे आणि गुडघे दुखतात. चाललं तर झिजणार नाहीत?

बहुतेक वेळा उलट होतं. गुडघ्यांच्या संधिवातात व्यायाम हा पहिल्या फळीतला उपचार मानला जातो, कारण मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्याला आधार मिळतो. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवळलं तर चालेल. सकाळीही तसंच असेल किंवा सूज आली असेल तर मात्रा निम्मी करा. दहा मिनिटं सलग जड जात असतील तर पाच-पाच करा. उड्या आणि दोरी सध्या बाजूला ठेवा. खुर्ची उंच घ्या. गुडघा मधेच अडकत असेल किंवा अचानक दगा देत असेल तर आधी तपासणी.

१३. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधं चालू आहेत. वेगळं काय सांभाळायचं?

प्रश्न २ प्रमाणे डॉक्टरांशी बोलणं झालंय असं धरून : इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेत असाल तर व्यायामाने साखर फार खाली येऊ शकते, कधी कित्येक तासांनीही. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. हात थरथरले, घाम फुटला, गोंधळल्यासारखं झालं तर थांबून ते आधी खा. पायांना बधिरपणा असेल तर परत आल्यावर तळवे डोळ्यांनी तपासा, फोड आलेला कळत नाही. रक्तदाब असेल तर जोर लावताना श्वास रोखू नका. ढकलताना किंवा उचलताना श्वास सोडायचा. हे पथ्य बाकीच्यांनीही पाळावं.

१४. पाळीत, गरोदरपणात, सर्दी-तापात व्यायाम चालतो का?

पाळीत जमेल ते सगळं चालतं, न जमलं तर विश्रांती. गरोदरपणात काही गुंतागुंत नसेल तर मध्यम व्यायाम करायलाच सांगतात, पण पडण्याची भीती असलेले प्रकार टाळून आणि आपल्या डॉक्टरांच्या संमतीने. नुसतं नाक वाहत असेल तर हळू चाला. ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असेल तर अजिबात नाही.

१५. मधे खंड पडला की सगळं सुटतं. परत कसं सुरू करू?

लंडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात रोजची एखादी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ इतका फरक होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं. म्हणून '२१ दिवसांत सवय' वगैरे विसरा.

आठवडाभराचा खंड असेल तर जिथे सोडलं तिथूनच धरा. तीन-चार आठवड्यांचा असेल तर निम्म्यावर या. बुडालेला व्यायाम 'भरून काढायला' जाऊ नका, दुखापती तिथेच होतात. आणि अगदी जड गेलेल्या दिवशी बूट घालून दारापर्यंत जा, तिथून परत फिरायची मुभा ठेवा. बहुतेक जण फिरत नाहीत.

१६. चालणं सोपं झालं. आता धावू का?

अर्धा तास जलद चालणं आरामात जमत असेल तर हो. १९९६ साली जॉश क्लार्क यांनी नवशिक्यांसाठी नऊ आठवड्यांचा 'काउच टू फाइव्ह के' (सोफ्यावरून पाच किलोमीटरपर्यंत) कार्यक्रम तयार केला. त्यातलं मूळ सूत्र साधं आहे : मिनिटभर धावा, दीड मिनिट चाला, असं आलटून पालटून, आठवड्यातून तीनदा. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. धावायचंच नसेल तर चढाचा रस्ता धरा, काही बिघडत नाही.

१७. धडधड वाढली की मला घबराटीचा झटका येतो. हृदयविकारच आला असं वाटतं. मग व्यायाम करायचाच नाही का?

आधी एकदा तपासणी करून घ्या, म्हणजे 'खरंच काही असेल तर' हा प्रश्न मिटतो. हृदय ठीक निघालं तर व्यायाम टाळू नका. घबराटीच्या झटक्यात जे होतं, म्हणजे धडधड, घाम, धाप, तेच व्यायामातही होतं आणि शरीर घाबरून दोन्हींत गल्लत करतं. घबराटीवरच्या उपचारांत रुग्णाला मुद्दाम धडधड वाढवून ती आपोआप उतरते हे अनुभवायला लावतात, ते याचसाठी.

घरी करताना जागच्या जागी अर्धा मिनिट पावलं उचला, मग बसा आणि नाडी खाली येईपर्यंत बसून राहा. दोन-तीनदा करा. अर्ध्याचं पाऊण मिनिट तेव्हाच करा, जेव्हा आधीचं कंटाळवाणं वाटायला लागेल. व्यायाम एकदम थांबवू नका, शेवटची काही मिनिटं वेग उतरवत न्या, कारण झटकन थांबल्यावर येणारी गरगर बऱ्याच जणांना झटक्याची सुरुवात वाटते. कॉफी प्यायल्या प्यायल्या करू नका. महिनाभरात फरक नाही पडला, तर मानसोपचारतज्ज्ञांना हेच सगळं सांगा, आणि प्रश्न २ मधली लक्षणं दिसली तर 'घबराटच असेल' असं स्वतःशी ठरवून बसू नका.